खणातलं बाळ

मी कारकून आहे त्या कोर्टाच्या हिरवळीवर दर नाताळात ख्रिस्तजन्माचा देखावा मांडतात. गोठ्यात बाळ येशूची मूर्ती मात्र चोवीस तारखेच्या संध्याकाळी पाचलाच ठेवायची. तोवर ते बाळ माझ्या टेबलाच्या खणात, टॉवेलमध्ये गुंडाळून, कुलूपबंद. एकवीस वर्षं मीच ते नेऊन ठेवते.

आणि त्या देखाव्याविरुद्ध दावा लावणारी निनावी बाईही मीच.

माझे आजोबा बाप्टिस्ट पंथाचे पाद्री. सरकारने हात लावला की देव बाटतो, असं ते सांगायचे, आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. यंदा काउंटीच्या, म्हणजे जिल्हा सरकारच्या, वकिलाने मेरीशेजारी सांताक्लॉज आणि प्लास्टिकची हरणं उभी करायला लावली. म्हणजे मग कायद्याच्या लेखी तो धर्म न राहता सणाची सजावट होते म्हणे. मला तर बघवेना, म्हणून नाव न सांगता दावा लावला.

सोमवारी न्यायाधीशांचा हुकूम आला. चोवीसला दुपारपर्यंत दावा मागे घ्या, नाहीतर नाव उघड होईल. गेल्या वर्षी पेपरात देखाव्याविरुद्ध नुसतं पत्र लिहिणाऱ्याच्या कुत्र्याला कोणीतरी विष घातलं होतं, आणि मी तर घरात एकटी. शेजारच्या टेबलावरची वर्ना देखाव्यातल्या मेंढपाळांचे झगे शिवते. ती म्हणाली, "नाव कळू दे एकदा त्या बयेचं." मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

माघार घ्यायला तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला.

चोवीसला दुपारी नाव बाहेर पडलं. ऑफिसातले एकेक करून उठून गेले. पाचच्या सुमारास खिडकीतून पाहिलं तर हिरवळीवर गर्दी, पण गाणी कोणी म्हणत नव्हतं. सगळे आमच्या दाराकडे बघत होते. बाळ न्यायची वेळ झाली म्हणून मी खणाची किल्ली काढली.

वर्ना आत आली. तिने माझ्या हातून किल्ली घेतली, खण उघडला आणि बाळ टॉवेलसकट उचललं.

"एकवीस वर्षं तुझ्या शेजारी बसले मी," ती म्हणाली.

"वर्ना, मी तुला..."

"बोलू नकोस. मागच्या दाराने जा. पुढच्या पायऱ्यांवर माझा मुलगा डॅरिल उभा आहे, आणि तो एकटा नाहीये."

बाळाला छातीशी धरून ती पुढच्या दाराकडे निघाली. चालत मात्र होती अगदी सावकाश, मागचं दार गाठायला मला वेळ मिळेल इतकी.