खुंट्यावरचा हात

लेकीच्या, पुनमच्या हळदीला आठवडाही उरला नव्हता, आणि साखराबाईचा डावा कान गेला. सकाळी उठली तर तिच्या घरच्या मेसच्या पोरींचा गलका एकाच बाजूनं येऊन राहिला. दुसऱ्या बाजूला नुसती शिट्टी, कुकरमध्ये वाफ अडकल्यागत. लातूरला डॉक्टर व्हायच्या ट्यूशनसाठी आलेल्या त्या पोरी. पोळ्या मागून मागून थकल्या, हिला ऐकूच येईना.

"थंडी बसली असंल," नवरा श्रीमंत म्हणाला. तिनं लसूण कडकवून कोमट तेल कानात सोडलं, वर कापसाचा बोळा घातला.

दुपारी समोरच्या घरातली सालेहा हळकुंडं निवडायला आली. भूकंपात गाव गेलं, तेव्हा साखराबाई तान्ही पुनम आणि ढिगाऱ्यातून काढलेलं जातं घेऊन या गल्लीत उतरली होती. टेम्पोतून ते जातं उतरवायला दुसरा हात लागला तो सालेहाचा. सालेहाला तिच्या दादीची चक्कीवरची गाणी पाठ. तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची हळद या दोघींनीच दळली. साखराबाईनं एक ओळ म्हणायची, सालेहानं पुढची जोडायची.

"तोंड फिरवून काय बसली? लेकीचं लगीन निघालं तर नखरे?"

"डावा कान गेलाय गं. तेल घातलंय."

"कान हाय का वरणाची फोडणी? ऊठ!"

"हळद झाल्यावर बघू की."

"माझ्या नांदेडच्या खालानं, मावशीनं, असंच बघू-बघू केलं. महिना काढला. मग डॉक्टर म्हणले, आता उशीर झाला. चप्पल घाल."

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. "आतल्या नसेचा त्रास आहे. लगेच आलात, बरं केलंत. रक्तातली साखर तपासून गोळ्या सुरू करू. फरक पडला नाही तर कानात इंजेक्शन देता येईल. पूर्ण येईलच असा शब्द देत नाही. तेल मात्र बंद."

साखराबाईनं एकच विचारलं, "जात्यावर बसता येईल का?"

"खुशाल बसा."

हळदीच्या दिवशी अंगणात बायका दाटल्या. मांडवात स्पीकर तपासून राहिले होते. नणंद सिंधु म्हणाली, "वहिनी, मिक्सरवर काढू या ना!" साखराबाईनं जात्याला कुंकू लावलं, मूठभर हळद टाकली.

*जातं निघालं मातीतून, पुसलं मी पदरानं…*

सालेहानं पुढची ओळ जोडली असावी. तिचे ओठ हलत होते. पण गलका, स्पीकर, घरघर, सगळ्याचा एका कानात एकच चिखल झाला. सालेहाची ओळ संपायच्या आतच साखराबाईनं पुढची सुरू केली. दोन्ही ओळी एकमेकींवर आदळल्या.

"दोघींची गाडी चुकली गं बाई!" बायका खळखळून हसल्या.

आपल्याच लेकीच्या हळदीला! "सिंधु, तू बस," म्हणत साखराबाईनं जात्याचा खुंटा सोडला.

सालेहानं तिचं मनगट धरलं, हात पुन्हा खुंट्यावर ठेवला आणि त्यावर आपला तळवा टाकला. मोठ्यानं, तोंड पुढं आणून म्हणाली, "माझं म्हणणं झालं की हात दाबते. मग तू म्हण."

जातं फिरलं. साखराबाईनं तीच ओळ पुन्हा धरली. सालेहाचे ओठ हलले,

*लेक झोपली पाळण्यात, झाकली मी चांदण्यानं…*

आणि तळवा दाबला गेला. पुढची ओळ बरोबर जागी पडली. मग पुढची. बायका हसायच्या थांबल्या, गाऊ लागल्या. पुनमच्या पायाशी पिवळं धमक पीठ साचत गेलं. पुनमनं त्यातली चिमूटभर उचलून आधी आईच्या गालाला लावली, मग सालेहाच्या.

लग्नानंतर साखराबाई पुन्हा त्या काचेच्या खोलीत बसली. कान थोडा परतला होता. शिट्टी होती, पण दूर गेली होती. डॉक्टर म्हणाले, कदाचित अजून सुधारेल, कदाचित इतकाच राहील.

बाहेर बाकड्यावर सालेहा वाट बघत होती. "किती आला?"

"तुझी कटकट कळंल इतका."

"मग बास की," सालेहा म्हणाली, आणि उठून तिच्या उजव्या बाजूनं चालू लागली.