सिद्रा कालवा आणि अडकलेली वरात

मित्रांनो, मी बसरा शहरातला एक जुना कालवा आहे. माझ्या काठावर पूर्वी बोरीचे मोठे झाड होते. अरबीत बोरीला सिद्रा म्हणतात, म्हणून लोक मलाही सिद्रा म्हणतात. झाड गेले, नाव राहिले. माझे वय मात्र विचारू नका. ज्यांनी मला फावड्यांनी खणले, त्यांच्या पणतवंडांच्याही दाढ्या केव्हाच पिकल्या.

माझी एक गंमत आहे. दजला आणि फुरात या नद्या एकत्र होतात आणि शत्त नाव घेऊन समुद्राकडे निघतात. समुद्राला भरती आली की तो शत्तला मागे ढकलतो. मग तिचे गोडे पाणी मुकाट्याने माझ्यात शिरते आणि खजुरांच्या बागांपर्यंत पोहोचते. ओहोटी लागली की आल्या वाटेने परत जाते. रोज दोनदा हा खेळ चालतो. माळी झोपलेले असत आणि झाडे पाणी पिऊन मोकळी होत! त्या दिवसांत मी फार तोऱ्यात असे. प्रत्येक घराला माझ्याकडे उघडणारे एक दार असे आणि दारापुढे पायऱ्या असत. कितवी पायरी ओली आहे ते पाहून बायका भात शिजायला ठेवत.

मग मोटारी आल्या. लोकांनी रस्त्याकडे नवी दारे काढली आणि माझ्याकडची विटांनी बुजवली. माझ्यात बाटल्या पडू लागल्या, चपला पडू लागल्या, एकदा तर आख्खी गादी पडली. मला फार वाईट वाटले. ज्यांना मी पोसले, तेच नाक मुरडून जाऊ लागले.

पश्चिम काठावर हाजी लफ्ता राहतो. हा गृहस्थ पोटाने आणि आवाजाने सारखाच मोठा. त्याला आपली मालमोटार थेट दारात हवी होती. "बुजवा ही घाण आणि रस्ता करा," असे तो चहाच्या दुकानात रोज सांगे. त्या काठाने माना डोलावल्या. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, मातीची गाडी मिळाली की येतो आणि हाजीने होकार देताच माती टाकायला सुरुवात करू. माझे मरण एका होकारावर येऊन थांबले.

त्याच सुमारास हाजीच्या मुलाचे, अकीलचे, लग्न पूर्व काठावरच्या रबाबशी ठरले. रबाबची आत्या जहूर ही जुन्या होडीवाल्याची बायको. तिची जीभ सुरीसारखी.

"नवरीला गाडीतून आणू," हाजी म्हणाला. "पूल आहे की."

"पुलावरून भाजी येते, हाजी. नवरी येत नाही," आत्या म्हणाली. "आमच्या घरच्या मुली पाण्यातूनच सासरी जातात. जमत नसेल तर मुलगी आमच्याकडेच राहू दे."

अकीलचा चेहरा पडला. मुलासाठी हाजीने मान तुकवली. दोन्ही काठांच्या पोरांनी मिळून माझ्यातला गाळ आणि ती गादी बाहेर काढली. कितीतरी वर्षांनी मला मोकळा श्वास घेता आला.

हाजीला थाटाची भारी हौस. त्याने एक लांबरुंद बलम, म्हणजे आमच्याकडची होडी, ठरवली आणि तिच्यावर भाड्याने आणलेली सोनेरी लोखंडी कमान पक्की बसवून घेतली. लग्नाच्या दुपारी ढोल घुमले, डोक्यांवरून चॉकलेटे उधळली गेली, नाच काही संपेना.

"निघा आता. खालून चौथी पायरी भिजली," आत्या ओरडून सांगत होती.

हाजीने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "अजून पुष्कळ वेळ आहे, आत्या. होऊ दे की नाच."

घड्याळाला भरती काय कळणार? बलम निघाली तेव्हा मी काठोकाठ भरत आलो होतो. पुलाखाली शिरताच कमान वरच्या दगडाला घासली आणि घट्ट रुतली. पुढे जाईना, मागे येईना. पाणी चढतच होते. होडी वर उचलली जाई, पूल तिला खाली दाबी, आणि फळ्या करकरू लागल्या. रबाबने घाबरून फळी घट्ट धरली. मित्रांनो, मी जीव तोडून थांबायला पाहत होतो, पण समुद्रापुढे माझे काय चालणार?

"करवत आणा," कोणी म्हणाले.

"कमान भाड्याची आहे," पुलावरून हाजी कळवळला.

"करवत राहू दे. वजन टाका," आत्या गरजली. "होडी खाली बसली की सुटेल. उतरा सगळे आत."

दोन्ही काठांवरची माणसे पाण्यात उतरली आणि पुलाच्या दोन्ही बाजूंनी बलमवर चढली. ढोलवाला ढोलासकट आला. होडी खाली गेली, तरी बोटभर कमी पडत होती. सगळ्यांच्या नजरा हाजीकडे वळल्या.

"हाजी, जन्मभर मटण चापलंस, ते आज तरी कामाला येऊ दे," आत्या म्हणाली.

हाजी पुलावरून काठावर आला. त्याने नवा अबा, म्हणजे अंगावरचा पायघोळ झगा, सावरला, डोळे मिटले आणि माझ्यात पाऊल टाकले. कमरेपर्यंत भिजून तो बलममध्ये बसला मात्र, होडी हातभर खाली गेली आणि खरवडत पलीकडे निघाली. बायकांनी जीभ हलवत लु-लु-लु असा जल्लोष केला की बागेतली पाखरे उडाली. हाजी ओलाचिंब बसून हसत होता. "लहानपणी मी इथेच पोहायला शिकलो," तो सुनेला म्हणाला. मला ते आठवत होते. त्याला इतक्या वर्षांनी आठवले.

लग्नानंतर सातव्या दिवशी रबाब रीतीप्रमाणे होडीतून माहेरी गेली. त्याच दिवशी नगरपालिकेचा माणूस मातीची गाडी घेऊन आला.

"हाजी, टाकू ना माती?"

हाजी पायरीवर बसला होता. "सून माहेरी गेलीय. भरतीबरोबर परत येईल. माती टाकलीस तर ती कुठून यायची?"

"पूल आहे की."

"पुलावरून भाजी येते, बाबा," हाजी म्हणाला. "सून येत नाही."

गाडी भरलेलीच परत गेली. दुसऱ्या दिवशी हाजीने पाण्याकडच्या दाराच्या विटा स्वतः फोडल्या.

मित्रांनो, अजूनही कोणी कोणी माझ्यात बाटली टाकतो, आणि मग हाजीचा आवाज दोन्ही काठांवर ऐकू येतो. तुमच्याही गावात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्याकडे पाठ करू नका. घराचे एक दार त्याच्या बाजूला उघडे असू द्या. चला, पहिली पायरी भिजली. माहेरी गेलेली रबाब येत असेल.