चिसोबाची चूल

मलावीहून जालन्यात आलेल्या चिसोमोचा ‘चिसोबा’ व्हायला आठवडाही लागला नाही. बियाण्यांच्या एका कंपनीत काम शिकायला हा तेविशीतला पोरगा आफ्रिकेतून एवढ्या लांब आला, चांगुणाबाईंच्या माडीवरची खोली त्यानं भाड्यानं घेतली, आणि गल्लीनं त्याच्या नावाला ‘बा’ जोडून टाकला. ज्याच्याशी धड बोलता येत नाही त्याला देव करून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी सोय आहे.

देवावरून राजूरची गोष्ट आठवते. एकदा सकाळी एमआयडीसीला जायचं म्हणून हा माणसांनी खच्चून भरलेल्या टेम्पोत चढला आणि उतरला तो थेट राजूरच्या गणपतीपाशी. त्या दिवशी चतुर्थी होती. रांगेत सापडला, मागे फिरता येईना. शेवटी मूर्तीसमोर पोचल्यावर या चर्चच्या पोरानं पाहुण्याच्या घरी लववावी तशी मान लववली, प्रसाद खाल्ला, चार अनोळखी कुटुंबांबरोबर फोटो काढून घेतले आणि दुपारी कामावर हजर झाला. साहेबाचा विश्वास बसेना, तेव्हा खिशातून उरलेला प्रसाद काढून त्याच्यापुढे धरला.

पहिल्या महिन्यात ठेचा त्यानं भाजीसारखा वाटीभर वाढून घेतला होता. नंतर काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. चांगुणाबाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी त्याला ताक पाजलं आणि त्यावर ठणकावलं की इथून पुढं काही खायच्या आधी मला विचारायचं. त्यांचा स्वभावच तसा. नवरा सर्जेराव गेल्यापासून घर त्यांनी एकटीनं ओढलेलं, त्यामुळे आपलं ऐकलंच पाहिजे अशी त्यांची खात्री झाली होती. मुलगा संघपाल रोलिंग मिलच्या ऑफिसात होता, पण घरी आल्यावर तोही आईच्या हाताखालचाच.

हा पोरगा रुळला, हसायला लागला, मोडकंतोडकं बोलायला लागला. पण रविवार त्याला जड जायचा. त्याच्या गावच्या चर्चला घंटा नव्हती. आंब्याला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्यावर लोखंडी दांड्यानं ठोकलं की गाव उपासनेला निघायचं. जालन्यात लोखंडाला काय तोटा? कुठं सळई आपटली की तो अंथरुणात उठून बसे आणि क्षणभर वाटे, आता आजी हाक मारणार. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीनंच त्याला वाढवलं होतं. चर्चला निघताना थुंकी लावून त्याच्या भुवया सारख्या करणारी ती आजी. इथल्या जुन्या चर्चमध्ये तो पहिल्यांदा गेला तेव्हा मंडळी मराठीत एक गीत गाऊ लागली आणि चाल ऐकून हा थबकलाच. पीठ चाळताना आजी तीच चाल गुणगुणायची. शब्द एक कळेना, तरी पोरगा आपल्या भाषेत मोठ्यानं गात राहिला. पाळकसाहेबांनी त्याला थांबवलं नाही, एवढे त्यांचे उपकार.

ती आजी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी गेली.

चुलतभावाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी माती द्यायची होती. जालन्यातून निघून तिथवर पोचणं कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्याकडे मयताच्या अंगणात मोठमोठी भांडी चढतात. गाव येतं, रडतं, गातं आणि जेवून जातं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, तिला म्हणतात न्सिमा. गेलेल्या माणसाच्या घरून कुणी उपाशी जायचं नाही, तो त्याचा शेवटचा पाहुणचार. इथलं आम्ही करतो, तुझ्या वाटचं तू तिकडं कर, असं भाऊ म्हणाला आणि रडू लागला. चिसोमो रडला नाही. त्याला एकच कळलं होतं, आज आपण आजीच्या नावानं शिजवलं नाही आणि कुणाला वाढलं नाही, तर ती आपल्यापुरती कायमची बिनपाहुणचाराची गेली.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. दुकानात जाऊन मका घेतला. दुकानदारानं कोंबड्या पाळल्यात का विचारलं, यानं मान हलवली. मका डब्यात भरून तो साहेबरावांच्या पिठाच्या गिरणीवर गेला. आता गिरणीचा कायदा सगळ्या जालन्याला माहीत आहे, फक्त परदेशी माणसाला नाही. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. मध्येच मका टाकला तर पुढच्या बाईच्या पोळ्या बिघडतात आणि शिव्या गिरणीवाल्याला पडतात. साहेबराव म्हणाले, भाऊ, सगळ्यांचं होऊ दे, शेवटी तुझं. चिसोमो बाकावर बसला. पिठाचा तो वास, बायकांच्या गप्पा, खाली धरलेले डबे. आजीबरोबर तो गिरणीत जायचा तेव्हाही असंच बसून राहायचा, तिनं कमरेला गुंडाळलेल्या कापडाचं टोक धरून. आणि मग मात्र त्याचा बांध फुटला.

साहेबरावांनी गिरणी बंद केली. काय झालं ते त्यांनी हळूहळू काढून घेतलं. मग रांगेतल्या बायकांना काही न विचारता त्यांनी मका ओतला, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. दळण होईस्तोवर साहेबरावांनी चांगुणाबाईंना फोनही लावला होता.

चिसोमो पिठाचा डबा घेऊन माडीवर आला तर खोलीत शेगडी नाही, सिलेंडर नाही. संघपालनं दोन्ही खाली नेलं होतं. आईचा हुकूम. चिसोमोला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं आणि बाईंनी खोली सोडायला सांगितली. तो डबा तसाच हातात धरून खाली आला.

खाली चार घरच्या बायका पिठलं-भाकरी झाकून घेऊन बसल्या होत्या. चांगुणाबाईंनी त्याला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला, ताट पुढं सारलं.

"सुतक-बितक आम्ही मानत न्हाई, लेकरा," त्या म्हणाल्या. "पण दुःखाच्या घरी चूल पेटू द्यायची न्हाई, ही माणुसकी हाये. आज तुला आम्ही जेवू घालणार. हा कडू घास असतो, खाऊन घे."

त्यानं घास उचलला. तो तोंडापर्यंत जाईना. या बायांच्या मायेपुढं नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं आणि हो म्हटलं तर आजीचा पाहुणचार राहून जात होता. त्यानं घास परत ताटात ठेवला. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. दुःखात माणूस अन्न सोडतो, हे त्यांना माहीत होतं. पण हा पिठाचा डबा छातीशी का धरून बसलाय, ते कळेना.

संघपालनं इंग्रजीत विचारलं. तो इंग्रजीत उत्तर देऊ शकला असता. पण ज्यांना सांगायचं त्यांच्याच बोलीत त्यानं शब्द जुळवले.

"मावशी," तो म्हणाला, "आज माझ्या घरी कोणी जेवला नाही, तर आजी उपाशी गेली."

चांगुणाबाई भिंतीवरच्या सर्जेरावांच्या फोटोकडं बघत होत्या. ते गेले तेव्हा त्यांनाही असंच चुलीपासून उठवलं होतं. शेवटचं एकदा त्यांच्या आवडीचं वांग्याचं भरीत करून फोटोपुढं तरी ठेवावं, असं फार वाटलं होतं. सगळ्या म्हणाल्या, आज न्हाई करायचं. बरोबरच होतं त्यांचं. पण ते भरीत राहिलं ते राहिलंच, आणि त्याची हळहळ त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

"तुझी चूल पेटायची न्हाई," त्या अखेर म्हणाल्या. "माझी पेटंल. मंग काय करायचं ते तू सांग."

तेवढ्यानं नियमही राहिला आणि पोरगाही. पातेलं चढलं. खरी अडचण पुढं होती, कारण चिसोबानं आजीला न्सिमा करताना जन्मभर पाहिलं होतं, स्वतः कधी केली नव्हती. पीठ पडलं आणि गुठळ्या झाल्या. त्यानं जोरात ढवळलं तर डाव वाकला. चांगुणाबाईंनी लाटणं दिलं, दोघांनी आळीपाळीनं घोटलं, एकानं पातेलं धरलं तर दुसऱ्यानं ढवळलं. मका पिवळा होता. त्याच्या आजीकडे पांढरा लागायचा, पिवळ्याला ती नाक मुरडायची, हे सांगताना तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला. बायकाही हसल्या आणि डोळेही पुसले.

मग त्यानं ते सगळं एका परातीत काढलं, शेजारी पिठलं ओतलं आणि परात मध्यभागी ठेवली. ताटं मागितली नाहीत. त्याच्या आजीच्या अंगणात सगळे एकाच भांड्यात हात घालतात. बायका घुटमळल्या. शेजारणींनी, त्यातल्या म्हाताऱ्यांनी, गिरणी बंद करून आलेल्या साहेबरावांनीही, एकमेकांचं उष्टं खायचं म्हणजे अवघडच. परातीतून वाफ निघत होती आणि चिसोमो खाली मान घालून उभा होता.

"आजीचं नाव काय रे?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"एस्तेर."

चांगुणाबाई पदर खोचून परातीशी बसल्या, एक घास मोडला, पिठल्यात बुडवून खाल्ला आणि मागं वळून म्हणाल्या, "उभे काय राह्यले? एस्तेरबाईच्या घरचं जेवण हाये. तिच्या दारातून उपाशी जाता काय?"

साहेबराव बसले. मग संघपाल, मग एकेक करून बायका. चिसोमोनं तांब्या घेतला आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घातलं, कुणाला पिठलं कमी पडतंय ते पाहिलं, आणखी घ्या म्हणून आग्रह केला. सगळ्यात शेवटी तो बसला. घरच्या माणसानं शेवटीच बसायचं असतं.