दिव्याला भिणारा महाराज

तिगाव स्टेशनाजवळच्या पडक्या धर्मशाळेपुढं त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. पांढुर्ण्याच्या बैलगाड्या, सौंसरकडची माणसं, पॅसेंजरमधून उतरलेली बाया-पोरं, सगळे ओसरीकडं माना उंचावून उभे. १९५६चा नोव्हेंबर होता. नागपूर नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो होतो. त्याचाही फायदा तिथं दर चतुर्थीला दरबार भरवणारा समाधीनाथ महाराज उचलत होता.

"राज्यं तोडणारे तोडून राहिले!" तो ओसरीवरून गरजला. "कोणाले भोपाळ, कोणाले मुंबई! आपला दरबार एकच. इथून थेट वर! ना तिकीट, ना गाडी!"

लोक खूश. मग भैय्याजी नावाचा म्हातारा खाटेवर आडवा झाला. त्याची दाढ किडली होती. महाराजानं त्याच्या तोंडावर भगवी शाल टाकली आणि म्हणाला, "राम राम म्हणत राह्य. जिथं राम थांबला, तिथं देव भेटला." शालीतून संत्र्याच्या सालीचा घमघमाट सुटला. भैय्याजी राम राम म्हणू लागला, मध्येच हातपाय झाडले, मग बरळू लागला, मग गप्प झाला. महाराजानं चिमट्यानं दाढ उपटली. म्हातारा हूं की चूं नाही. थोड्या वेळानं डोळे किलकिले करून उठून बसला.

"दिसला देव?"

"दिसला बाप्पा. गोल गोल फिरून राहिला होता."

जयजयकार झाला. मी मात्र राम मोजले होते. चौऱ्याऐंशी.

मी देवका. नागपूरच्या एका इस्पितळात अकरा वर्षं शस्त्रक्रियेच्या रोग्यांना भूल देत होते. आम्ही रोग्याला राम म्हणायला लावत नाही, आकडे मोजायला लावतो. बाकी सगळं तेच. तोंडावर कापड, त्यावर थेंब थेंब ईथर. संत्र्याच्या सालीखालून येणारा तो गोडूस, घशात रुतणारा वास मी झोपेतही ओळखला असता.

खोटं कशाला बोलू, मी तिथं दर्शनाला गेले नव्हते. सूड घ्यायला गेले होते. पिशवीत आगपेटी होती.

श्रावणात माझी धाकटी बहीण जयवंता याच खाटेवर मेली. दाढ काढायला आली होती. राम म्हणता म्हणता झोपली, शालीखाली ओकली, ओकारी श्वासात गेली आणि घुसमटली. महाराजानं तिला कुशीवर वळवलंसुद्धा नाही. डोळे मिटून मंत्र म्हणत राहिला आणि मग लोकांना सांगितलं, "हिनं उपास मोडला. पाप घेऊन वर गेली, देवानं ठेवून घेतली."

लोकांनी ते मानलं. जयवंताच्या नवऱ्यानं, भगवंतरावांनीही मानलं. पांढुर्ण्यात संत्र्यांचा मोठा व्यापार, चार लोकांत मान, पण महाराजापुढं हात जोडलेले. घरात बहिणीचं नाव घ्यायची बंदी झाली. तिच्या अकरा वर्षांच्या उषाला शाळेत पोरी चिडवायच्या, "उपासमोडीची पोट्टी." हे कळलं तेव्हा मी नागपूरची नोकरी सोडली.

आणि आता उषाच्या जबड्याखाली गळू आलं होतं. महाराजानं निकाल दिला होता की आईचं पाप लेकीच्या अंगावर उठलं आहे, चतुर्थीला आणा, कापतो. गर्दीत मला ती दिसली. गाल सुजलेला, बापाचं बोट धरलेलं. दोघांच्या पुढं रांगेत फक्त एक माणूस होता.

"भाऊजी, पोरीले इथून घेऊन चला. हा औषध देऊन राहिला, देव नाही."

"देवकाबाई, तुम्ही मधात पडू नोका," भगवंतराव म्हणाले. "एकदा उपास मोडला तं घर बुडालं माह्यं. या वक्ती मी सोता लक्ष ठेवलं. पोरीनं कडक उपास धरला."

मी उषापुढं खाली बसले. "बेटा, सकाळी काय खाल्लं तू?"

"उपासाचंच खाल्लं मावशी. भगर, दाण्याची आमटी आन् रताळं. बाबा म्हणे पोटभर खाय, ताकद पाह्यजे."

"आन् आईनं? त्या दिवशी?"

"हेच. मीच वाढलं होतं तिले. मावशी, आईनं उपास नव्हता मोडला." तिचे डोळे भरून आले. "कोणी मले इचारलंच नाही."

तिथं मला सगळं कळलं. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, हे या लुच्च्याला पक्कं ठाऊक होतं. पण उपाशीपोटी या म्हटलं तर तो डॉक्टर दिसला असता. म्हणून त्यानं डॉक्टरी नियमाला देवाचं सोवळं नेसवलं आणि चतुर्थीचा उपास सांगितला. आणि आमच्याकडं चतुर्थीचा उपास म्हणजे दिवसभर भगर, रताळी, साबुदाणा! माझी बहीण उपास मोडून मेली नाही. उपास पाळला म्हणून मेली. आता तेच ताट पोटात घेऊन तिची लेक रांगेत उभी होती.

तिला उचलून पळाले असते तर बापानं पुढच्या चतुर्थीला पुन्हा आणली असती. पुढचा माणूस खाटेवर आडवा झाला. मी ओसरीकडं पाहिलं आणि प्रथमच एक गोष्ट डोळ्यात भरली. एवढा देवाचा दरबार, पण समई नाही, उदबत्ती नाही, कापराची वडी नाही. बिडी ओढणाऱ्यालासुद्धा फाटकाबाहेर हाकलत होते.

"इथं दिवा काहून नाही हो?" मी शेजारच्या बाईला विचारलं.

"महाराजाले अग्नी चालत नाही, बाई. देव रुसते."

तिच्या हातात नारळ आणि न पेटवलेलं पाच वातींचं निरांजन असलेलं ताट होतं. ते मी मागून घेतलं. फाटकापाशी गेले, वारा पाठीशी घेतला आणि पाचही वाती पेटवल्या. मग मोठ्यानं ओरडले, "सरका जी! महाराजाले ओवाळायचं हाय!"

ओवाळायला निघालेल्या बाईला कोण अडवणार? लोक बाजूला झाले. महाराजानं मान वर केली. हातातली शाल तशीच ओली.

"थांब! दिवा नोको! इझव!"

"असं कसं महाराज? देवाले ओवाळल्याबिगर कसं चालंल?"

मी एक पाऊल टाकलं. तो खाटेजवळून उठला. दुसरं टाकलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. ईथरचा भडका किती दुरून उडतो हे मला माहीत होतं. उघड्या मैदानात पंधरा पावलं राखायची असं मी ठरवलं होतं आणि राखलीही. पण तिथवर जाताना मी जितकं हळू चालता येईल तितकं हळू चालले. जयवंताची घुसमट आठवत चालले. तो घामाघूम झालेला पाहून मला गोड वाटलं, हे मी लपवत नाही.

"जळून मरू साले हो! ईथर हाय हे, ईथर!" असं किंचाळून समाधीनाथ महाराज, जो दर चतुर्थीला लोकांना देवाकडं पोचवत होता, स्वतः मात्र आत शिरून मागच्या खिडकीतून पळाला. धोतर खिळ्याला अडकलं. दाढ काढलेल्या भैय्याजीनंच त्याला धरून आणला.

मी निरांजन विझवलं. ओसरीखालून तपकिरी बाटली काढली, मैदानात एका दगडावर चार थेंब टाकले, लांब काडीच्या टोकाला आगपेटीची काडी बांधली आणि ती पेटवून पुढं केली. दगड भप्पकन पेटला. बायका मागं सरल्या.

"हा तुमचा देव," मी म्हणाले. "इस्पितळात बाटलीत मिळते. मी अकरा वर्षं देऊन राहिले, पण मले कोणी ओवाळलं नाही."

चार थपडा बसल्यावर महाराजाचं नाव रामाजी निघालं. लढाईच्या काळात कुठल्याशा लष्करी दवाखान्यात तो मलमपट्टी करायचा. भगवंतराव पुढं आले.

"माह्यी बायको कायनं मेली?"

रामाजी माझ्याकडं पाहू लागला. मी बाटली हातातच ठेवली होती.

"पोट भरलेलं होतं तिचं," तो पुटपुटला. "रिकामं पाह्यजे होतं. मले मालूम होतं. पण तसं सांगतलं असतं तं लोक म्हणले असते, हा तं नुसता कंपाउंडर."

"उपास मोडला होता का तिनं?" मी विचारलं. "जोरानं बोल. मागं ऐकू गेलं पाह्यजे."

"नाही मोडला."

"नाव घेऊन बोल."

"जयवंताबाईनं उपास नाही मोडला!"

तीनदा म्हणायला लावलं. चौथ्यांदा म्हणायला लावणार होते, पण उषा मला बिलगून रडायला लागली. मग त्याला पोलिसांकडं दिला. शिक्षा झाली. मला ती कमी वाटली, आजही वाटते.

उषाचं गळू दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या सरकारी डॉक्टरांनी कापलं. भूल मी दिली. रिकाम्या पोटी.

पुढं सौंसरला मी दवाखाना काढला, एक डॉक्टर जोडीला घेतले. तिथं भूल द्यायच्या आधी प्रत्येक रोग्याला आम्ही उपास आहे का असं विचारत नाही. काल संध्याकाळपासून काय काय तोंडात टाकलंत, तेवढंच विचारतो. नऊ वर्षं मी उत्तरं एका वहीत लिहून ठेवली. आपणहून उपास आहे म्हणणाऱ्या दर पाचांतल्या तिघांचं पोट भरलेलं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांच्या सभेत त्यावरचा निबंध वाचला तेव्हा एकानं विचारलं, "सिस्टर, एवढा साधा प्रश्न सुचला कसा?" मी म्हटलं, एका पोरीला तीन महिने कोणी विचारला नव्हता म्हणून.

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. चमत्कार पाहा, पण पाहताना हात जोडू नका. तिथं काय आहे ते बघा, आणि जे असायला हवं ते का नाही, हेही विचारा. मेलेल्या माणसावर पाप टाकण्याआधी त्याच्या घरच्या पोराला बोलावून विचारा. विचारलं म्हणून रुसणारा देव नसतो, रुसतो तो रामाजी.

ती वही अजून दवाखान्यात आहे. रोग्यांचे आकडे मी दोनपासून सुरू केले होते; मोकळी ठेवलेली पहिली ओळ खूप नंतर, उषाला शेजारी बसवून तिच्याच हातानं लिहून घेतली. नाव : जयवंता. खाल्लं : भगर, दाण्याची आमटी, रताळं. उपास मोडला का : नाही.