इर्माबाईंचं सुतक

इर्माबाईंनी पेढा नाकारला, आणि तोही कॉलनीच्या अध्यक्षांच्या हातचा.

बारा मे एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, मंगळवार. आदल्या दिवशी दुपारी पोखरणला अणुस्फोट झाले होते आणि गंगापूर रोडवरच्या त्या कॉलनीला सकाळपासून धीर म्हणून नव्हता. गेटवर झेंडा लागला होता, फटाक्यांच्या कागदांचा चिखल झाला होता, आणि अध्यक्ष किशोरराव खैरनार स्वतः खोकं घेऊन दारोदार फिरत होते. किशोरराव बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा दिनेश तोफखान्यात, देवळालीला शिकून आता फिरोजपूरला, अगदी सरहद्दीवर. म्हणजे आनंदावर त्यांचा हक्क इतरांपेक्षा दोन आणे जास्तच.

"घ्या इर्माबाई. आज जगाला दाखवून दिलं आपण!"

"नको."

"डायबिटीस निघाला की काय?"

"नाही."

"मग उपास असेल."

"मंगळवार मी कधी धरला? आणि उपासाला पेढा चालतो, हे मला चाळीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी शिकवलंय."

किशोररावांचा हात तसाच पुढे. "अहो, आनंदाचा पेढा नाकारत नाहीत."

हे मात्र खरं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात इर्माबाईंनी एवढं पक्कं ओळखलं होतं की या गावात गोड नाकारायला कारण लागतं आणि कुठलंच कारण पुरत नाही. पोट भरलं असेल तर अर्धा घ्या. साखर असेल तर नुसता कण जिभेवर ठेवा. दात दुखत असेल तर चघळू नका, गिळा. तोंड खरोखर बंद करणारं कारण एकच, आणि रागाच्या भरात तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मला सुतक आहे," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आता या बाई कोण, ते सांगायला हवं. मूळ नाव इर्मगार्ड. गाव जर्मनीतलं फोर्झहाइम, सोनारांचं आणि घड्याळवाल्यांचं. तिकडे छपाईचं तंत्र शिकायला गेलेल्या दिनकर मोगलांशी लग्न करून सत्तावन्न साली बोटीनं मुंबईला उतरल्या आणि तिथून थेट नाशकात. सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं 'उर्मिला' असं नाव काढलं. सुनेनं ते कौतुकानं पाहिलं आणि पुढे जन्मात त्या नावाला ओ दिली नाही. शेवटी सासूबाईच दमल्या आणि 'इर्मा'वर तडजोड झाली. नागरिकत्व घेतलं, मराठी शिकल्या, दिनकररावांना कामावर पाठवून दुपारी फुलस्केप वहीत मराठीतून कविता लिहू लागल्या. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, सगळ्यांना वाटलं बाई परत जाणार. "कुठं जाऊ? माझं गाव जळलं, तेव्हाच माझं तिकडचं घर संपलं," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, पण तपशिलात कुणी शिरलं नव्हतं. बाईंच्या तोंडी लागायची छाती कुणाची होती?

यंदा मात्र कॉलनीच्या वसंत व्याख्यानमालेत त्यांचं व्याख्यान ठरलं होतं. शनिवारी, सोळा तारखेला. विषय 'आठवणी, प्रवास आणि कविता'. समितीला हवी होती बोटीवरची गंमत, पहिली पुरणपोळी कशी करपली तो किस्सा आणि गोदावरीवरची एखादी गोड कविता. इर्माबाईंना वेगळंच सांगायचं होतं. त्रेपन्न वर्षं गिळलेली एक गोष्ट होती. सदुसष्टाव्या वर्षी ती नाही सांगितली, तर आता केव्हा सांगणार? महिनाभर त्या ती वहीत लिहीत होत्या.

आणि आता हे सुतक.

तासाभरात बातमी कॉलनीभर झाली. पेढा नाकारल्याची बातमी मागे पडली आणि 'इर्माबाईंकडे तिकडचं कुणीतरी गेलं' ही पुढे धावली. दुपारी बारापर्यंत ओटीवर सात-आठ बायका येऊन बसल्या. शेजारच्या सविताताईंनी येताना आपल्या घरचा टीव्ही बंद करायला लावला. मखमलाबादहून रोज भाजीची पाटी घेऊन येणारी धोंडाबाई गेटवर बातमी ऐकून पाटी तिथंच ठेवून घरी गेली होती, ती डबा घेऊन परत आली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा डब्यात काय असणार ते उघड होतं. पिठलं आणि भात.

इर्माबाई उंबऱ्यात उभ्या. रागानं टाकलेला एक शब्द एवढी माणसं घरी घेऊन येईल, याचा त्यांना अंदाज नव्हता. खोटं बोलले म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं, असंही मनात आलं. पण खोटं होतं का ते?

"कोण गेलं हो?" सविताताईंनी हळूच विचारलं.

"आई. आणि डीटर, माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा होता."

"अरे देवा! कधी?"

"पंचेचाळीस साली. तेवीस फेब्रुवारीला."

सविताताईंनी दुसरीकडे बघितलं, दुसरीनं पदर सावरला. ऊन बाधलं असेल म्हातारीला, असं एक-दोघींच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. एक जण तर उठलीच. "आम्ही धावत आलो आणि हे काय? थट्टा आहे का?"

"थट्टा नाही," इर्माबाई म्हणाल्या. "संध्याकाळी विमानं आली. वीस-बावीस मिनिटांत गाव संपलं. सतरा हजार माणसं. मी बटाटे आणायला मामाच्या खेड्यात गेले होते म्हणून राहिले. आमच्या तळघरात काय उरलं होतं, ते मला बघू दिलं नाही."

धोंडाबाई डबा मांडीवर घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, "तवा धरलं व्हतं का सुतक?"

"नाही. आमच्याकडे तशी रीत नाही. आणि रडायला वेळ कुठं होता? चौथ्या दिवशी विटा उचलायला लावलं."

"मंग आत्ता धरा," धोंडाबाईनं डब्याचं झाकण काढलं. "उरल्यालं सुतक हाय ते. माणसाचं देणं ऱ्हातं, तसं रडणंबी ऱ्हातं. बसा खाली. लय वेळ उभ्या ऱ्हायल्या."

इर्माबाई खाली बसल्या. पिठलं झणझणीत होतं. दुसऱ्या घासाला त्यांना रडू फुटलं, आणि ते पिठल्यातल्या मिरचीनं नव्हतं. आईसाठी त्या आयुष्यात पहिल्यांदा रडत होत्या, मराठी बायकांच्या घोळक्यात, हात खरकटे असताना. उठलेली बाई परत बसली.

संध्याकाळी किशोरराव आले. चेहरा दुःखी ठेवला होता, पण सुटका झाल्याचं त्यांना लपवता येईना.

"कानावर आलं सगळं. तेव्हा शनिवारचं व्याख्यान आपण रद्द करू. सुतकात दीपप्रज्वलन कसं करणार? शाल-श्रीफळ कसं घेणार? त्याऐवजी देशभक्तिपर गीतांचा कार्यक्रम ठेवलाय. प्रसंगालाही शोभेल."

"त्रेपन्न वर्षांपूर्वीचं सुतक तुम्हाला आज मान्य आहे?"

"तुम्हीच म्हणालात ना सुतक आहे? आता आम्ही कोण नाही म्हणणार?" आणि मग, राहवलं नाही म्हणून, "खरं सांगू का? ही वेळ नाही असलं बोलायची. मन भरून आलंय लोकांचं. आणि राग मानू नका, पण तुमच्या देशानं जगात काय केलं, ते आधी बघावं माणसानं."

"तेच बघून आलेय, किशोरराव. तुम्ही पाळण्यात होतात तेव्हा."

दार लागलं. पण बाई चरफडल्या, कारण अध्यक्षांनी त्यांना त्यांच्याच शब्दात नेमकं धरलं होतं. सुतक खरं म्हणावं, तर व्याख्यान गेलं. खोटं म्हणावं, तर आई आणि डीटर पुन्हा एकदा गेले. ते मात्र त्यांना कदापि करायचं नव्हतं. तीन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. धोंडाबाई रोज डबा आणत होती.

शनिवारी साडेसहाला मैदानात मांडव भरला. स्टेजवर समई, मागे मोठा झेंडा, पेटीवाला सूर लावत होता. तेवढ्यात इर्माबाई आल्या. पांढरी सुती साडी, बगलेत वही, हातात घरची प्लास्टिकची खुर्ची. स्टेजकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेच्या समोर, मातीत खुर्ची ठेवली आणि तिच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

किशोरराव धावतच खाली आले. "इर्माबाई, सुतक आहे ना तुम्हाला?"

"आहे. म्हणून स्टेजवर येत नाही. दिवा लावत नाही, शाल घेत नाही, नारळ घेत नाही. सुतकात बोलायचं नाही, असं कुठं लिहिलंय? सुतकात माणसं गेलेल्यांबद्दलच बोलतात. मी पण तेच बोलणार आहे."

किशोररावांनी माइकवाल्याला डोळ्यांनी खुणावलं आणि स्पीकर बंद झाला. बाईंनी हसून मान हलवली. माइक त्यांनी मागितलाच कुठं होता?

"मी बळी गेलेल्यांची गोष्ट सांगणार, असं तुम्हाला वाटत असेल," त्या बोलू लागल्या तेव्हा मागच्यांना माना पुढे काढाव्या लागल्या. "तशी नाही. मी नऊ वर्षांची होते. आमच्या सैन्यानं पॅरिस घेतलं, त्या दिवशी आमच्या गल्लीत केक वाटला. दारोदार, अगदी असाच. आई नको म्हणाली, पण शेजारीण म्हणाली, आनंदाचा केक आहे, नाकारू नका. आईनं घेतला. मी दोन तुकडे खाल्ले. सगळं गाव खात होतं. त्या वेळी कुठंतरी कुणाच्या तरी घरी चूल पेटली नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणणारे खोटं बोलतात. पाच वर्षांनी आभाळ आमच्यावर आलं. आई चांगली होती, डीटर लहान होता, तरी आलं. तेव्हापासून मी असा केक खात नाही. पेढाही खात नाही. मला या देशानं सून करून घेतलं, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. परक्या माणसाला मी सांगायला गेले नसते."

"बस झालं!" मागून कुणीतरी ओरडलं. पाच-सहा माणसं खुर्च्या आपटत निघून गेली. बाईंनी ती जाईपर्यंत वाट पाहिली. मग वही उघडली आणि चष्मा लावून वाचलं.

केक गोड होता, खोटं कशाला सांगू?
जिभेला कळत नाही, कुठलं गाव जळतं.
पाच वर्षांनी कळलं, आभाळ विसरत नाही;
ज्याच्या घरी गोड केलं, त्याच्याच घरी वळतं.

वही मिटली. सवयीनं एका पोरीनं टाळी वाजवायला हात उचलले, तर शेजारी पाटीवर बसलेल्या धोंडाबाईनं ते धरले. "सुतकात टाळ्या वाजवत नाय," ती म्हणाली. इर्माबाई खुर्ची उचलून ताठ मानेनं घरी गेल्या. मागे गीतांचा कार्यक्रम सुरू झाला, पण पहिलं गाणं काही रंगलं नाही.

मग कॉलनीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. सविताताई गच्चीतून हसायच्या तेवढंच. दूधवालाही पिशवी दारात ठेवून पळायचा. चोवीस तारखेला तेरावा दिवस झाला. बाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, दारात बसून धोंडाबाईला मेथीचे पैसे दिले आणि जाहीर केलं, "सुतक फिटलं. पेढा मात्र अजून नको."

अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी बातमी आली. पलीकडच्यांनीही स्फोट केले होते. या वेळी कुणी फटाके उडवले नाहीत.

इर्माबाई रात्रीच्या स्वयंपाकाला लागणार, तेवढ्यात फाटक वाजलं. किशोरराव. हातात खोकं नव्हतं. न विचारताच ते ओटीवर बसले.

"दिनेशचा फोन लागत नाही," ते म्हणाले. "सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्यात म्हणे. त्याची आई, प्रतिभा, देवापुढे बसलीय, उठत नाही. घरात चूल पेटली नाही आज."

'मी सांगितलं होतं' हे वाक्य बाईंच्या ओठापर्यंत आलं होतं. भांडखोर बाई ती, बोलल्या असत्या तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्यांना फिरोजपूरला कुठंतरी तोफेजवळ उभा असलेला दिनेश दिसला. लहानपणी याच ओटीवर त्यांच्या हातची बटाट्याची धिरडी खायचा तो.

त्या आत गेल्या. हात सवयीनं बेसनाच्या डब्याकडे गेला. झाकण अर्धं उघडलं आणि त्या थबकल्या. पिठलं-भात त्या घरी न्यायचा नाही. या वेळी नाही, कधीच नाही. डबा त्यांनी पार मागे, फळीच्या कोपऱ्यात ढकलून दिला आणि बटाटे किसायला घेतले.

अर्ध्या तासानं गरम धिरड्यांचा डबा त्यांनी किशोररावांच्या हातात ठेवला. "प्रतिभाला उठवा आणि समोर बसून खायला घाला. फोन लागेल."

किशोररावांचे डोळे भरले होते. "त्या दिवशी मी तुमचा माइक..."

"माझा आवाज मोठा आहे. सगळ्यांनी ऐकलं." बाईंनी फाटक उघडून धरलं. "आणि एक लक्षात ठेवा. आपल्याकडे किती बॉम्ब आणि त्यांच्याकडे किती, असला पेढा माझ्या दारात पुन्हा आणायचा नाही. दिनेश सुट्टीवर घरी आला की आणा. मी नाही म्हणणार नाही. मागून दोन घेईन."