एर्मीलाबाईंची विसरलेली प्रार्थना

कास्तुलोकाकांच्या मयताच्या नवव्या दिवशी प्रार्थना सांगताना आई अडखळली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि पाल्मा केमादातलं निम्मं गाव अंगणात बसलं होतं.

माझी आई एर्मीला. गावात कुणी गेलं की नऊ दिवसांची प्रार्थना तीच सांगायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्रेचाळीस वर्षांत तिचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. लितानीतली, म्हणजे संतांच्या नामावळीतली, पन्नासेक नावं ती नळातून पाणी सोडावं तशी सोडायची, आणि बायका मागून "आमच्यासाठी विनंती कर" म्हणायच्या.

त्या दिवशी दहाव्या-बाराव्या नावाला ती थांबली. तोंड उघडं, हात जपमाळेवर. बायका वाट बघत राहिल्या. मग ती एकदम म्हणाली, "देवा, नासारियोच्या आत्म्याला शांती दे."

नासारियो म्हणजे कास्तुलोकाकांचा मुलगा. तो गोड पावाचं तबक घेऊन समोर उभा होता, धडधाकट.

त्याच्या आईनं किंकाळी फोडली. तिची बहीण ओब्दुलिया, जिच्या जिभेला हाड नाही, ती म्हणाली, "सकाळपासूनच लावलेली दिसतेय बाईंनी!" कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले.

मी आईचा दंड धरला आणि तिला माझ्या तीनचाकीत कोंबलं. त्या गाडीवर मी बाजार ते साखर कारखाना अशा सवाऱ्या मारते. वाटभर मी तिला बोलत होते. "चारचौघांत शोभा केलीस. लक्ष कुठं असतं गं तुझं? मुद्दाम करतेस का?" घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "निका, मला खरंच आठवलं नाही."

"सगळ्याला हेच उत्तर!" मी म्हणाले.

मला राग यायचा, आणि तो तिच्यावरच यायचा. दोन वर्षं चाललं होतं हे. बीन्समध्ये दोनदा मीठ. कोंबड्यांना तीनदा दाणे. किल्ली हातात आणि शोध घरभर. दवाखान्यात मी तीनदा सांगितलं होतं. तिथले जुने डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणायचे, "सदुसष्ट वय आहे, बाई. विसरणारच. पायाला जखम आहे का? नाही ना? मग गोळ्या चालू ठेवा." मधुमेह तिला एकोणीस वर्षं होता. मधुमेह पायाला खातो, डोळ्याला खातो, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. डोक्याचं कुणी बोललंच नाही.

आठवड्याभरानं सकाळी दहाच्या सुमारास मी सवारी सोडून येत होते, तर आई कारखान्याच्या फाटकापाशी, उन्हात. एका पायात चप्पल. अंग घामानं निथळत होतं आणि ती फाटकावरच्या पहारेकऱ्याला शिव्या घालत होती, ज्या शिव्या तिनं जन्मात कधी दिल्या नव्हत्या. मी हात धरला तर मला म्हणाली, "तू कोण गं? सोड मला." आणि फाडकन मारली.

मी पण हात उगारला. खोटं का बोलू? उगारला होता. तेवढ्यात ती खाली कोसळली, तशीच तिला तीनचाकीत घालून दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात नवी डॉक्टर आली होती, रेबेका, एका वर्षाच्या नेमणुकीवर. तिनं आईचं बोट टोचलं. साखर अडतीस, सत्तरच्या वर हवी ती. "ग्लुकोज आणा! पळा!" ती ओरडली आणि शिरेतून ग्लुकोज सोडलं. थोड्या वेळात आईनं डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "रडतेस काय अशी? आधीच कुठं रूपवान आहेस."

मी हसले आणि मग जास्तच रडले.

डॉक्टरनं गोळ्यांची पुडी मागितली. मोजल्या. महिन्याच्या गोळ्या सतरा दिवसांत संपत आल्या होत्या.

"गोळी घेतल्याचं विसरतात, म्हणून परत घेतात," ती म्हणाली. "साखर खाली कोसळते. मेंदू साखरेवरच चालतो, निकाताई. ती मिळाली नाही की त्याच्या पेशी उपाशी मरतात. त्यात इतकी वर्षं साखर चढलेली. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आठवणी धरून ठेवणारा भाग झिजतो. वरून मार, खालून मार. विसरल्या म्हणून गोळी, गोळी म्हणून आणखी विसर."

"मग एकोणीस वर्षांत कुणी एक शब्द का नाही सांगितला?"

तिनं आईची फाइल माझ्यापुढे सरकवली. तीन ठिकाणी तेच अक्षर. *विसरभोळेपणा. वयोमानाप्रमाणे.*

"मला विचारू नका," ती दातओठ खात म्हणाली. "वाचल्यापासून मीच पेटलेय."

गोळी बदलली. आता ती माझ्या हातानंच आईच्या तोंडात जाते. महिन्याभरात आई बरीच सावरली. किल्ली सापडू लागली, पहारेकऱ्याची जाऊन माफी मागून आली. पण लितानी गेली ती गेलीच. डॉक्टरनं खरं ते सांगितलं: काही परत येईल, काही नाही.

माझा राग मात्र कमी होईना, नुसती जागा बदलत होता. जुन्या डॉक्टरांवर, स्वतःवर, गावावर. त्रेचाळीस वर्षं प्रत्येक मयताच्या घरानं आईच्या हातात काय ठेवलं? थंड गोड पेयाची बाटली, गोड पाव, वर साखर घातलेली कॉफी. नाही म्हटलं तर अपमान. आणि तेच लोक हसले.

मी ओब्दुलियाच्या दारात गेले. ती पाय बादलीत बुडवून बसली होती.

"माझी आई दारू पिते म्हणालीस ना? तिची साखर होती ती! तू पाजलेली, मी पाजलेली, सगळ्या गावानं पाजलेली! हसताना लाज नाही वाटली?"

तिनं उलट बोलावं म्हणून मी कंबर कसून उभी होते. ती बादलीतून पाय काढत म्हणाली, "दरवाजा लोट जरा." मी लोटला. "निका, परवा मी बाजारातून येताना घराची गल्ली चुकले. याच घराची. पस्तीस वर्षं राहतेय. मलाही आहे साखर, बारा वर्षं झाली. पोरांना सांगितलं नाही. तुझ्या आईला हसले ते... हसले नसते तर रडले असते."

मला तिची दया आली नाही. आली असती तर बरं दिसलं असतं. "मंगळवारी सातला दवाखान्यात जायला तयार राहा," एवढंच म्हणाले.

मंगळवारी दोघींना मागं बसवलं. वाटभर भांडल्या. ओब्दुलिया म्हणाली, "सरक की, केवढी जागा लागते तुला!" आई म्हणाली, "दारूड्या बाईला जरा जास्तच लागते." मी आरशात बघितलं. ओब्दुलियानं मान खाली घातली होती.

दवाखान्यात खिडकीतला माणूस म्हणाला, "साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या. पुढच्या महिन्यात या."

रांगेतल्या बायका सवयीनं पिशव्या उचलायला लागल्या. सवयीनं! ते बघून माझं टाळकंच सटकलं. मी दारात फतकल मारली. "पट्टी मिळाल्याशिवाय मी हलणार नाही. माझ्या आईची प्रार्थना खाल्लीत तुम्ही."

"बाई, पोलिसांना बोलावीन."

"बोलव. गावातल्या पोलिसाच्या आईलाही साखर आहे. मीच आणते तिला इथं."

आधी आई बसली माझ्या शेजारी, मग ओब्दुलिया, सुजलेले पाय पसरून. मग एकेक करून बाकीच्या. अकरा बायका. रेबेका डॉक्टर आतून आली, आमच्याकडे बघितलं, खिडकीतल्या माणसाकडे बघितलं आणि त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली. "कपाटाची चावी."

कपाटात पट्ट्यांचे चार डबे निघाले. कुणासाठी ठेवले होते ते त्यानं सांगितलं नाही.

अकराही जणींची बोटं टोचली. प्रत्येकीला डॉक्टरनं विचारलं, "विसरायला होतं का?" नऊ जणी हो म्हणाल्या, पण आधी इकडंतिकडं बघून, हळूच. ओब्दुलिया मात्र मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "होतं. घराची वाट विसरले. लिहा."