एकशे नव्वद मीटरांवरचे दुकान

दुकान स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होते. ओट्यापासून त्याच्या निळ्या पाटीपर्यंतचे अंतर एकशे नव्वद मीटर होते. रविवारी सकाळी साडेसातला वडील त्या दुकानातून दूध आणायला निघाले आणि सव्वादहाला परत आले. दूध कोमट होते.

मुलीने पिशवी कापली आणि दुधात तापमापक धरला. दवाखाने आणि शीतगृहे यांचे तापमापक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती सोळा वर्षे नोकरी करत होती. कोमट म्हणजे किती, हे विचारल्याशिवाय तिला राहवत नसे. तेवीस अंश. दुकानातले शीतकपाट चार अंशांवर चालत असेल, तर एवढ्या उन्हात ही पिशवी दीड तास तरी बाहेर होती.

"बाबा, कुठे होतात इतका वेळ?"

"सिग्नलला," बूट काढता काढता वडील म्हणाले.

"पावणेतीन तास?"

"सगळा वेळ नाही. जाताना पाऊण तास, येताना सव्वा. लाल होता."

वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांतली चौतीस वर्षे त्यांनी रेल्वेच्या सिग्नलखात्यात काढली होती. नेमके तेच तिला छळत होते. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हाही वडिलांनी हेच उत्तर दिले होते. डॉक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली आणि कागदावर लिहिले: 'जुन्या नोकरीचे संदर्भ वर्तमानात मिसळतात.' मग त्यांनी स्मृतीची सविस्तर चाचणी सुचवली होती. ती आठ दिवसांनंतरच्या सोमवारी होती.

फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली एक अर्ज लटकत होता. थोरल्या भावाने तो दुसऱ्या शहरातून पाठवला होता: वृद्धांसाठीचे निवासस्थान, चोवीस तास परिचारिका, प्रशस्त बाग. अर्ज भरलेला होता. फक्त सही बाकी होती आणि मुदत त्याच सोमवारची होती.

वडिलांनी तो वाचला होता. पाणी पिताना त्यांनी त्याकडे बोट केले.

"तिथलं फाटक आतून उघडत नाही म्हणे."

"सुरक्षिततेसाठी असतं ते, बाबा."

"असेल. रुळावर गुरं येऊ नयेत म्हणून आम्हीही घालायचो."

रात्रीच्या जेवणाआधी भावाचा फोन आला.

"पावणेतीन तास? अगं, मी आलो होतो तेव्हा त्या खिडकीतून दुकानदाराचं टक्कल दिसत होतं मला! तेवढ्यात माणूस हरवतो म्हणजे काय?"

"हरवले नाहीत रे दादा. परत आले ना."

"या वेळी आले. अगं, तिथे सहापदरी रस्ता आहे! सही कर, बाई. उगाच भावनेच्या आहारी जाऊ नकोस."

"मी आकडे बघतेय."

"मग आकडे काय म्हणतात?"

आकडे काय म्हणतात, हे तिलाही कळत नव्हते. डॉक्टरांकडे जाऊन आल्यापासून वडील निघाल्याची आणि परतल्याची वेळ ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होती. पस्तीस दिवसांच्या नोंदी जमल्या होत्या. बहुतेक दिवशी वडिलांना पन्नास मिनिटे लागत. दुकानाचे अंतर पाहता हेही फार होते. ती स्वतः गाडीने चार मिनिटांत पोहोचत असे. पाच दिवशी मात्र दोन तासांहून अधिक वेळ लागला होता. त्यांतले चार रविवार होते, एक बुधवार. एका रविवारी ते एकोणपन्नास मिनिटांत परतले होते.

तो बुधवार आणि तो एक रविवार तिच्या डोक्यातून जाईनात. बाकी सगळे रविवार एका बाजूला बसत होते. हे दोन दिवस वर्गातल्या व्रात्य मुलांसारखे रांगेबाहेर उभे होते.

मंगळवारी प्रयोगशाळेत डबा खाताना शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आपल्या लेकीच्या शाळेबद्दल कुरकुरत होती. शाळा वसाहतीजवळच्या त्या सहापदरी रस्त्याच्या चौकात, एका गल्लीच्या टोकाला होती.

"वाट्टेल तेव्हा सुट्टी देतात गं! त्या सोळा तारखेच्या बुधवारी काय, तर म्हणे आदल्या दिवशी क्रीडास्पर्धा झाल्या, मुलं दमली. दमते मी, त्यांना आणून-सोडून!"

"बुधवारी सुट्टी होती?"

"हो. आणि त्याआधीच्या रविवारी सकाळी आठला पालकसभा! रविवारी! गाड्यांची ही रांग लागली होती गल्लीत. मी शिव्या घालत गेले आणि शिव्या घालत आले."

"कोणता रविवार?"

"तेरा तारखेचा. का गं? तुझा काय संबंध?"

तिने चमचा डब्यात ठेवला. तिच्या नोंदीतला बुधवार सोळा तारखेचाच होता, आणि वडील तेरा तारखेलाच एकोणपन्नास मिनिटांत परतले होते. विस्मरणाचा आजार कसाही वागू शकतो हे तिला मान्य होते. पण तो शाळेचे वेळापत्रक पाळतो, यावर विश्वास ठेवायला तिची तयारी नव्हती. मग तिने दोन दिवसांपूर्वीच करायला हवी होती अशी एक बेरीज केली. जाताना पाऊण तास, येताना सव्वा, अधिक चालण्याची आणि खरेदीची नेहमीची पन्नास मिनिटे: पावणेतीन तास, पाच मिनिटांच्या फरकाने. येतानाचा सव्वा तास आणि परतीची वाट मिळून दीड तास. दुधाने हेच सांगितले होते.

रविवारी साडेसातला तीही वडिलांबरोबर निघाली.

"गाडीची किल्ली घेतली नाहीस?" वडिलांनी विचारले.

"चालत येतेय."

"बाईसाहेबांची तब्येत बरी आहे ना?"

या वसाहतीत राहायला येऊन तिला चार वर्षे झाली होती. दुकानाला चालत जाण्याची ही पहिली खेप. खिडकीखालून वसाहतीची भिंत जात होती आणि भिंतीला त्या बाजूला दार नव्हते. एकमेव फाटक मागे होते. त्यातून बाहेर पडून, वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागल्यावर पदपथ सुरू झाला आणि विजेच्या एका पेटीपाशी संपला. पुढे खडी होती. अंगावरून गाड्या जात आणि प्रत्येक गाडीमागे वडील टोपी हाताने दाबून धरत. ही सवय झालेली दिसत होती. दुकान डावीकडे, रस्त्यापलीकडे, सतत दिसत होते आणि मागे पडत होते. मध्ये कमरेइतका दुभाजक होता. चौकात पोहोचल्यावर तिने फोनमध्ये पाहिले: नऊशे मीटर. पलीकडून दुकानापर्यंत मागे यायचे आणखी पाचशे. जाऊन-येऊन दोन हजार आठशे मीटर. वडिलांच्या चालीला चाळीस मिनिटे आणि दुकानात दहा. पन्नास मिनिटांचे कोडे संपले. ते कधी कोडे नव्हतेच. तिने अंतर खिडकीतून मोजले होते आणि वेळ गाडीतून.

चौकातल्या खांबावर पिवळी डबी होती. वडिलांनी तिचे बटण एकदा दाबले.

"दाबून काही होत नाही," ते म्हणाले. "पण रीत आहे."

पादचाऱ्यांचा दिवा लाल होता. समोर शाळेची गल्ली रिकामी होती. पाच मिनिटे गेली. दहा गेली. मोठ्या रस्त्यावरचा हिरवा दिवा हलायचे नाव घेईना.

"बाबा, गाड्या यायच्या थांबल्यासारख्या वाटतायत. पळू या का?"

"लाल आहे."

"कुणी बघत नाहीये."

"मी बघतोय ना. चौतीस वर्षं ड्रायव्हरांच्या नावाने बोटं मोडली मी, लाल तोडला म्हणून. आता दुधासाठी मीच तोडू?"

विसाव्या मिनिटाला शाळेचा रखवालदार सायकलवरून गल्लीबाहेर आला, थांबला, इकडेतिकडे बघून सायकल हाताने ढकलत निघून गेला. दिवा बदलला नाही.

"सायकलीला तो मोजत नाही," वडील म्हणाले. "चारचाकीच लागते. त्या गल्लीत पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे डांबरात कापल्याची चौकोनी खूण आहे बघ. खाली तार आहे. गाडी वर उभी राहिली की तिला कळतं आणि मग हा मोठा रस्ता थांबवतात. आपला दिवाही तेव्हाच सुटतो. आमच्याकडे रुळावर गाडी आली की केबिनमध्ये कळायचं, तसंच."

तिने समोरच्या गल्लीच्या तोंडाकडे निरखून पाहिले.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं. तू मान हलवलीस. डॉक्टर हलवतात तशी."

सांगणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे, ही तिची जन्माची खोड. "इथेच थांबा," ती म्हणाली.

"मी दुसरं काय करतोय?"

ती घरी गेली, गाडी काढली, लांबून वळून शाळेच्या गल्लीत शिरली आणि पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे, त्या चौकोनावर येऊन उभी राहिली. घड्याळ हातात होते. अकराव्या सेकंदाला मोठ्या रस्त्याचा दिवा पिवळा झाला, मग लाल. वडिलांसमोरचा हिरवा लागला. त्यांनी तिच्या दिशेने, गार्ड झेंडी दाखवतो तसा, हात उंचावला आणि सहा पदर शांतपणे ओलांडले.

ती गाडीत एकटीच हसत होती आणि डोळेही पुसत होती. गेल्या महिनाभरात पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला होता. एका माणसाला दुकानापर्यंत चालत जाता यावे म्हणून एक मोटार आणावी लागते, हा निष्कर्ष तिने मनात लिहून ठेवला. पण एक निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. तिने आणखी दोनदा गाडी मागे घेतली आणि पुढे आणली. अकरा सेकंद, पुन्हा अकरा सेकंद. वडील परत आले, पुन्हा गेले.

"आता पुरे!" ते पलीकडून ओरडले. "माझे गुडघे तुझ्या प्रयोगात धरलेले नाहीत!"

त्या दिवशी दूध सहा अंशांचे घरी आले, कारण ते गाडीतून आले.

फ्रीजवरचा अर्ज तिने काढला. त्याची मागची बाजू कोरी होती. तिथे तिने शाळेच्या सुट्ट्या, वडिलांच्या वेळा आणि तीन प्रयोग मांडले, फोटो भावाला पाठवला आणि फोन लावला.

"म्हणजे बाबा ठीक आहेत?" भावाचा आवाज बारीक झाला होता.

"बाबा अचूक आहेत. ठीक आहेत का, ते त्यांनाच विचार."

"गुडघा दुखतोय म्हणावं," आतून आवाज आला. "आणि खिडकीतून टक्कल मोजणाऱ्याला म्हणावं, एकदा चालून बघ."

सोमवारची चाचणी तिने रद्द केली नाही. एका सिग्नलमुळे वैद्यकशास्त्र बाद होत नाही. वडिलांना तीसपैकी एकोणतीस गुण मिळाले. अर्जाची मुदत त्याच दिवशी सहीविना संपली.

गुरुवारी, तिच्या तक्रारीवरून, वाहतूक विभागाचा तंत्रज्ञ चौकात आला. वडील आधीच तिथे हजर होते. तंत्रज्ञाने खांबावरची पिवळी डबी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"चार वर्षांत एकही तक्रार नाही हो आली!"

"चालतंय कोण?" वडील म्हणाले.

बटणाच्या दोन्ही तारा खांबाच्या आत चिकटपट्टीने गुंडाळून ठेवलेल्या होत्या. नियंत्रणपेटीपर्यंतची वायर कधी ओढलीच गेली नव्हती. त्यामुळे शाळेच्या गल्लीतून मोटार येईपर्यंत पायी जाणाऱ्याला हिरवा दिवा मिळत नव्हता, आणि शाळा बंद असली की मोटार येत नव्हती.